जास्तीची एक मूठ

फोन आला तेव्हा मी वर्गात होते आणि फळ्यावर उंदराच्या गर्भाचा डोळा काढत होते. हा धडा मी दरवर्षी शिकवते. आईच्या पोटात पिल्लाचा डोळा कोणत्या दिवशी घडायला लागतो, त्या दिवशी आईच्या रक्तात अ जीवनसत्त्व नसेल तर काय होतं, हे सगळं मला झोपेतसुद्धा सांगता येईल. टेबलावरचा मोबाइल थरथरत होता. संदीपचा, माझ्या भाच्याचा फोन. तो इथेच सुरतेत, पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कामाला आहे आणि दिवसा कधी फोन करत नाही. मी तीनदा कट केला. चौथ्यांदा पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, मॅडम, घ्या ना, अर्जंट वाटतंय. मी फोन घेतला. "आत्या, मम्मी गई," असं तो हिंदीत म्हणाला, आणि मग एकदम लहानपणीच्या मराठीवर आला, "मम्मी उठतच नाहीये गं…"

सुमनवहिनी गेली. सकाळी अकरा वाजता, चहा पिऊन भिंतीला टेकली ती टेकलीच. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. चोपन्न वर्षांची होती, गुडघे सोडले तर कशाची तक्रार नव्हती. फळ्यावरचा डोळा अर्धाच राहिला. तो पुसायचंही मला सुचलं नाही, तशीच रिक्षात बसले आणि गोडादऱ्याला, तिच्या घरी निघाले. रस्ताभर माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. तिनं मला एक प्रश्न विचारला होता, सहा वर्षांपूर्वी, आणि त्याचं उत्तर मी तिला अजून दिलेलं नव्हतं.

मी फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. घरात सगळ्यांना ते ठाऊक आहे आणि कॉलेजात त्याबद्दल मला टोपणनावही आहे. वहिनी माझ्या अगदी उलट. ती अमळनेरकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि ती एकोणीसची. बाबा आणि दादा दोघं मागावर, एक दिवसपाळीला तर दुसरा रातपाळीला, म्हणजे आमच्या एका खोलीत कुणी ना कुणी कायम झोपलेलं असायचं. त्यामुळे वहिनी हळू बोलायला शिकली, भांडी न वाजवता घासायला शिकली, आणि पुढे स्वतःचं घर झालं, वर मजला चढला, तरी तिचा आवाज काही मोठा झाला नाही. मला ती 'मास्तरीण' म्हणायची, कारण मी तिला दुसऱ्याच दिवशी पाढे म्हणून दाखवले होते. आणि फारच लाडात आली की 'माय' म्हणायची. आमच्याकडे लहान नणंदेला, बहिणीला असं म्हणतात.

त्या काळी आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका घरबसल्या धागा कटिंग करायच्या. साड्यांचे गठ्ठे यायचे, विणताना उलट्या बाजूला सुटलेले धागे छोट्या कात्रीनं कापायचे आणि साडी घडी करून परत द्यायची. वहिनीचा हात फार सफाईचा होता. पण पहिल्या खेपेला तिला दिवस गेले आणि सहाव्या महिन्यात तिनं एका संध्याकाळी धाग्याबरोबर साडीच कापली. पुढच्या आठवड्यात दुसरी. माल आणणाऱ्या माणसानं दारात उभं राहून सुनावलं, आई संतापली, लक्ष कुठे असतं हिचं. वहिनीनं कापलेली साडी घडी करून ठेवली. मला मात्र तिनं कानात सांगितलं की सूर्य कलला की तिला धागा दिसत नाही, आणि थोड्या वेळानं उंबराही दिसत नाही. आईला कळलं तेव्हा आई म्हणाली, त्यात काय, पोटुशी बाईला होतं असं, मलाही झालं होतं, बाळंत झाली की जातं. खरंच, आमच्याकडे गावोगावच्या बायका हेच सांगायच्या. डोहाळे जसे लागतात तसं संध्याकाळचं दिसेनासं होतं, त्याला कुणी आजार म्हणतच नव्हतं.

मग मला काम लागलं. रोज संध्याकाळी पाणी यायचं, नळ रस्त्यापलीकडे होता, आणि वहिनीला हाताला धरून न्यायचं काम माझं. दहा वर्षांची मी पुढे, डोक्यावर कळशी घेतलेली वहिनी मागे. "उंबरा आला, पाय उचल. दगड आहे. आता गटार." मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं. तिचा हात गरम आणि खरखरीत असायचा, कात्रीनं अंगठ्याला घट्टा पडलेला, आणि ती माझ्यावर इतका विश्वास टाकून चालायची की एकदा गंमत म्हणून मी नसलेल्या दगडावरून तिला पाय उचलायला लावला. ती हसली होती. आता ते आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. दवाखान्यातली नर्स घरी येऊन गेली होती. सुनेला रोज दूध द्या, पालेभाजी द्या, असं तिनं आईला बजावलं. आईनं इतकं ऐकलं की एक पेला दूध रोज वहिनीसाठी वेगळं ठेवायला सुरुवात केली. माझी परीक्षा जवळ आली होती. वहिनी दाराआड बसून मला खूण करायची आणि तो पेला माझ्या हातात द्यायची. अभ्यास करणाऱ्या माणसाला दूध लागतं, अशी तिची ठाम समजूत. मी घटाघट प्यायचे. मग ती पदरानं माझी दुधाची मिशी पुसायची, आईला कळू नये म्हणून, आणि रिकामा पेला स्वतः विसळायला न्यायची. परीक्षा संपली तरी ते चालूच राहिलं. मी कधी 'नको' म्हटलं नाही. मला दूध आवडायचं.

मुलगी झाली. गोरी, भरपूर जावळ असलेली. पण पापण्यांच्या आत डोळे नीट घडलेलेच नव्हते, एक तर जवळजवळ नव्हताच, आणि छातीतही काही दोष होता. अकरा दिवस ती जगली. दुसऱ्या दिवशी बारसं व्हायचं होतं, म्हणून नावही ठेवलेलं नव्हतं. आईनं मला शेजारी पाठवून दिलं होतं, मी परत आले तेव्हा पाळणा काढून ठेवलेला होता आणि वहिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्यानंतर महिनाभरात तिला संध्याकाळचं दिसायला लागलं. आई म्हणाली, बघ, सांगितलं नव्हतं, बाळंत झाली की जातं. आणि त्या मुलीबद्दल आमच्या घरात पुन्हा कुणी बोललं नाही. पुढे दोन मुलगे झाले, दोघं धडधाकट. घर त्यांच्यात गुंतलं.

आमच्या खानदेशी घरांतून श्रावणातल्या एका रविवारी कानबाई देवी बसते. गाव सुटलं तरी कानबाई सुटत नाही, सुरतेत तर ती जास्तच जोरात असते. आमच्या घरची रीत अशी की घरात जितके पुरुष, तान्ह्या मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत, तितक्या सव्वा मुठी गहू घ्यायचे, ते दळून त्याचे रोट करायचे आणि ते फक्त घरच्यांनी खायचे. नैवेद्याला गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी हवीच. मी अकरा-बारा वर्षांची असताना मुलींची मूठ का नाही म्हणून मोठं भांडण काढलं होतं. आई ओरडली, बाबा हसले. वहिनी खाली मान घालून गहू मोजत होती. घरात पुरुष दोन, बाबा आणि दादा, पण तिनं मुठी घातल्या तीन. मी तिला हळूच विचारलं, तिसरी कुणाची? ती म्हणाली, "शे एक जणीनी." आहे एकीची. मी खूश झाले. माझ्या बाजूनं घरात एक तरी माणूस उभं राहिलं म्हणून. तेव्हापासून दरवर्षी तिच्या मोजणीत एक मूठ जास्त निघायची. आई सगळ्यांना सांगत सुटायची की आमच्या सुनेला मोजता येत नाही. वहिनी हसायची आणि मी मनातल्या मनात मिरवायचे.

मला शिकवलं तिनं. हे मी अगदी शब्दशः म्हणते आहे. बारावीनंतर माझं लग्न ठरवायला आई निघाली तेव्हा जन्मात पहिल्यांदा वहिनी सासूसमोर उभी राहिली आणि तिला शिकू द्या म्हणाली. मी जीवशास्त्र घेतलं, मग प्राण्यांच्या पोषणावर संशोधन, आणि योगायोग म्हणा नाहीतर काही म्हणा, माझ्या वाट्याला विषय आला तो अ जीवनसत्त्वाचा. गर्भार बायकांचा रातांधळेपणा हा शब्द मी पुस्तकांत शंभर वेळा वाचला असेल. परीक्षेत लिहिला, मुलांना शिकवला. आणि तरी मला त्या शब्दामागे कधी ती गल्ली, तो नळ, तो खरखरीत हात दिसला नाही. माझं मलाच याचं नवल वाटतं… नवल कसलं, लाज वाटते.

आमच्या संस्थेच्या प्राणीघरात पिंजरे साफ करायला, खाणंपाणी बघायला माणूस हवं होतं. वहिनीचे मुलगे मोठे झाले होते, धागा कटिंगला आता बारीक दिसत नव्हतं, मी तिचं नाव सुचवलं. पहिल्या दिवशी तिनं नाकाला पदर लावला, दुसऱ्या दिवशी काढला, आणि महिन्याभरात उंदीर तिच्या हाताला ओळखायला लागले. भुसा बदलताना ती त्यांच्याशी अहिराणीत बोलायची. मला आमच्या प्रयोगाबद्दल विचारायची आणि मीही, चहा पिता पिता, सांगायचे. शरीरातल्या प्रत्येक पेशीत सगळी माहिती असते, डोळ्याचीही आणि नखाचीही, पण सगळी एकदम वाचली जात नाही. कुठलं जनुक केव्हा जागं करायचं हे ठरवणारे निरोपे असतात. अ जीवनसत्त्वापासून शरीरात असा एक निरोप्या तयार होतो, तो थेट पेशीच्या केंद्रात शिरतो, तिथे त्याची वाट बघणाऱ्या प्रथिनाला जाऊन मिळतो आणि मग त्या जागचं जनुक वाचायला सुरुवात होते. निरोप आलाच नाही तर जनुक असूनही मुकं राहतं.

वहिनी नववी शिकलेली. ती म्हणाली, म्हणजे जेकार्डसारखं. दादा आयुष्यभर जेकार्ड मागावर होता, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर साडीचं डिझाइन असतं हे तिला लग्नापासून ठाऊक. पत्ता बरोबर असला, फूल त्यात असलं, तरी त्या क्षणी सुई उचललीच नाही तर कापडावर फूल पडत नाही. आणि कापड पुढे सरकलं की मग कितीही करा. मी उडालेच. इतकं नेमकं मला वर्गात कधी सांगता आलं नव्हतं. मी तिची पाठ थोपटली आणि दुसऱ्याच दिवशी तिचं उदाहरण माझं म्हणून वर्गात वापरलं.

त्या वर्षी आमच्याकडे पिवळ्या चिठ्ठीचे पिंजरे होते. त्यातल्या माद्यांना असं खाणं द्यायचं की ज्यात बाकी सगळं आहे, फक्त अ जीवनसत्त्व अगदी नावापुरतं. माद्या गाभण राहिल्या, आणि त्यांच्या पिल्लांच्या डोळ्यांत काय दोष येतो, कुठली जनुकं गप्प राहतात, ते आम्ही बघणार होतो. वहिनीनं एक दिवस सहज विचारावं तसं विचारलं, या माद्यांना अंधारात दिसतं का? मी सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता म्हटलं, नाही, पहिल्यांदा तेच जातं. ती आणखी काही विचारेल असं मला वाटलं नाही आणि तिनं विचारलंही नाही. तिच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं असतं तर… पण मी पाहिलं नाही.

श्रावण आला. कानबाईच्या रविवारीही प्राण्यांना खाणं घालावंच लागतं, वहिनी सकाळी लवकर येऊन गेली. पुढे माद्या व्यायल्या. उंदराची पिल्लं डोळे मिटलेलीच जन्मतात, पंधराव्या दिवसाच्या आसपास उघडतात. पंधराव्या दिवशी मी वही घेऊन बसले. पिवळ्या चिठ्ठीच्या बहुतेक पिंजऱ्यांत व्हायचं तेच झालं होतं. रांगेच्या टोकाच्या तीन पिंजऱ्यांत मात्र पिल्लं टकामका बघत होती. गुलाबी, लखलखीत, पुरे घडलेले डोळे. मी खाण्याची गोणी तपासली, चिठ्ठ्या तपासल्या, मग वहिनीला हाक मारली. तिनं एका शब्दानंही टाळलं नाही. कानबाईच्या दिवशी नैवेद्याच्या भाजीला फोडणी द्यायच्या आधी तिनं गंगाफळाच्या नुसत्या उकडलेल्या फोडी बाजूला काढल्या होत्या आणि डब्यातून आणून त्या माद्यांना घातल्या होत्या. त्या दिवशी, आणि मग पुढे रोज. तीनच पिंजरे का, असं मी विचारलं. डब्यात तेवढंच मावत होतं, म्हणाली.

मी ओरडले. फार ओरडले. वर्षाचं काम गेलं, मी सगळ्यांना काय तोंड दाखवू, तुला काही अक्कल आहे का, असं सगळं. माझे विद्यार्थी दाराशी उभे होते, त्यांच्यासमोर. वहिनी हातातला डबा पदरानं पुसत राहिली. माझं संपल्यावर ती म्हणाली, "त्यासना पोटमा पोरं व्हतात, माय." त्यांच्या पोटात पिल्लं होती. आणि त्याच हळू आवाजात, "माले बी सांजले दिखे नही. तुले याद शे ना?" मलाही संध्याकाळी दिसायचं नाही, आठवतं ना तुला.

मला आठवत होतं. त्या एका क्षणात सगळं आठवलं. पाय उचल, दगड आहे, आता गटार. विद्यार्थी कधी निघून गेले कळलं नाही. मग तिनं तो प्रश्न विचारला. "मनी चूक व्हती का, माय?" माझी चूक होती का…

आणि मी काय म्हणाले? मी रागात होते, घाबरले होते, दुधाचा तो पेला माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला होता, आणि मी जे आयुष्यभर शिकले त्याच्या आड जाऊन लपले. मी म्हणाले, "वहिनी, एका केसवरून असं काही सांगता येत नाही."

केस. तिच्या लेकीला मी केस म्हणाले.

तिनं मान डोलावली. उरलेल्या पाण्याच्या बाटल्या धुतल्या, ओळीनं उपड्या घातल्या, किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवसापासून गुडघे दुखतात म्हणून ती आली नाही, आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. ते तीन पिंजरे मी निकालातून गाळले. त्या पिल्लांचं पुढे काय झालं ते तिनं कधी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आमचं येणं-जाणं, सणवार, हसणं-बोलणं सगळं पहिल्यासारखं चालू राहिलं. बाहेरच्याला काही कळलं नसतं.

मात्र त्यानंतर गोडादऱ्याच्या आमच्या गल्लीत एक गोष्ट सुरू झाली. कुणाकडे सुनेला दिवस गेले की वहिनीचा डबा तिथे जायला लागला. गंगाफळाची भाजी, कधी शेवग्याचा पाला, कधी मेथी. मराठी घर असो, ओडिया असो, उत्तर प्रदेशची भाडेकरू असो, वहिनी संध्याकाळच्या वेळीच जायची, दारात उभी राहायची आणि त्या पोरीला विचारायची, तुला तिथून माझा चेहरा दिसतो का? पायाखालचा उंबरा दिसतो का? एखादी नाही म्हणाली तर तिला हाताला धरून दवाखान्यात घेऊन जायची. लोक तिला गंगाफळवाली मावशी म्हणायला लागले. संदीप तिची चेष्टा करायचा, मम्मी, हातगाडी लाव आता. तिनं मला या सगळ्याबद्दल फक्त एकदा विचारलं, भोपळा जास्त झाला तर बाळाला बाधत नाही ना? मी सांगितलं, नाही, गोळ्या मनानं घेतल्या तर बाधतात, डॉक्टरला विचारल्याशिवाय कुणाला देऊ नकोस, पण भोपळ्यातून शरीर लागेल तेवढंच बनवून घेतं. ती बरं म्हणाली आणि माझ्याकडे बघत थांबली. आणखी काही सांगते का म्हणून थांबली होती, हे मला तेव्हाही कळत होतं. मी चहाचा कप उचलून आत ठेवायला गेले.

शेवटची भेट यंदाच्या आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, आई-बाबा गेल्यापासून माझं माहेर म्हणजे वहिनीच. तिनं सांजोऱ्या केल्या होत्या, मला डबा बांधून दिला, आणि रिक्षापर्यंत सोडायला आली. दिवस मावळत होता. गल्लीत रस्ता खणून ठेवला होता. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, खड्डा आहे, पाय उचल. तोच खरखरीत हात. मला वाटलं आत्ता सांगावं. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. म्हटलं, पुढच्या खेपेला, निवांत बसून सांगू.

ती आषाढात गेली. तेराव्याला गल्लीतल्या बायका तिचे डबे परत घेऊन आल्या. कुणाकडे एक, कुणाकडे दोन, स्टीलचे, प्लॅस्टिकचे, झाकणावर तिनं नेलपॉलिशनं खुणा केलेले. कुणीच रिकामा डबा आणला नव्हता. एक ओडिया मुलगी कडेवर वर्षाची पोर घेऊन आली, डबा ठेवला आणि तिथेच खाली बसून रडायला लागली. ती पोर मात्र आमच्या घरातल्या एकेकाकडे टकामका बघत होती. मला तिथे बसवेना. मी उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं.

मग कानबाईचा रविवार आला. दुखवटा म्हणून आमच्याकडे यंदा काही नव्हतं. बाहेर डफ वाजत होते, बायका फुगड्या घालत होत्या, आणि आत दादा पंख्याखाली बसून होता. त्याला एकटं वाटू नये म्हणून मी गेले होते. काहीतरी हाताला काम हवं म्हणून मी वहिनीचं फडताळ आवरायला घेतलं. तिथे एका डब्यात कानबाईचे गहू मिळाले. तिनं जाण्याआधीच निवडून ठेवले होते. अलीकडे तिची एक सवय झाली होती, नाव चुकू नये म्हणून प्रत्येकाची सव्वा मूठ साडीच्या उरल्या तुकड्यात वेगळी बांधून ठेवायची. मी पुरचुंड्या बाहेर काढल्या. दादाची, संदीपची, धाकट्याची, संदीपच्या मुलाची. चार. आणि पाचवी. मला हसू आलं आणि रडू आलं. इतक्या वर्षांनीसुद्धा तिनं माझी मूठ घातली होती. पण ती पुरचुंडी बाकीच्यांपेक्षा फार लहान होती, चिमूटभरच गहू असतील. मी दादाला म्हटलं, बघ, वहिनीनं माझ्याच वाट्याला कंजुषी केली.

दादानं पुरचुंडीकडे पाहिलं. तो कमी बोलणारा माणूस आहे, मागाच्या आवाजानं त्याचे कान गेलेत, आणि कान गेल्यावर बोलणंही गेलं. तो म्हणाला, "ती तुनी नही शे, माय. ती पोरनी शे."

तुझी नाही. मुलीची आहे. अकरा दिवसांच्या मुलीची मूठ जेवढी असेल तेवढीच ती होती. तीसच्या वर वर्षं ती मूठ मी माझी समजत आले. दूधही माझं समजले होते…

मी दादाला सगळं सांगितलं. तो प्रश्न, माझं उत्तर, दुधाचा पेला. शास्त्र म्हणून मला आजही सांगता येणार नाही की त्या पेल्यानं काय झालं असतं आणि काय नसतं. कारणं अनेक असतात, हे खोटं नाही. पण तिनं शास्त्र विचारलंच नव्हतं. तिला जे माहीत नव्हतं, जे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं, त्याची चूक तिची कशी असेल? आणि ज्या घरात पोटुशी सून सगळ्यांच्या शेवटी जेवते, तिथे चूक मोजायचीच तर तिची मूठ सगळ्यात लहान निघेल. मी दादाला म्हटलं, तिची चूक नव्हती रे. मोठ्यानं म्हटलं, त्याला ऐकू जावं म्हणून.

दादानं ऐकलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. "हाई तिले सांगाले जोयजे व्हतं," एवढंच म्हणाला. हे तिला सांगायला हवं होतं.

निघताना त्यानं ती लहान पुरचुंडी माझ्याकडे दिली. आता ती माझ्या टेबलाच्या खणात आहे, जिथे वहिनीनं किल्ली ठेवली होती त्याच टेबलाच्या. संध्याकाळी विद्यार्थी गेले की मी दिवा लावायच्या आधी खण उघडते आणि ती हातात घेते. माझी मूठ सहज मिटते तिच्यावर.